मैहरचा वाद्यवृंद : पोरक्या मुलांच्या हाती आलेली विद्या

हिंदुस्थानी संगीताचा इतिहास बहुतेक वेळा घराण्यांचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे, आणि घराणे ही संस्था मुळात रक्ताच्या नात्यावर उभी असल्यामुळे त्या इतिहासात बाप, मुलगा, पुतण्या, भाचा आणि जावई यांचीच गर्दी दिसते. घराणे म्हणजे गाण्या-वाजवण्याची एक विशिष्ट शैली, तिच्या बंदिशी आणि त्या शिकवण्याची रीत पिढ्यान्‌पिढ्या जतन करणारी गुरुशिष्यांची साखळी. या साखळीत बाहेरच्या शिष्याला स्थान मिळत असे. पण उत्तम बंदिशी आणि अवघड रागांची गुपिते घरच्या वारसांसाठी राखून ठेवण्याची प्रथा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत सर्वमान्य होती. कलावंताची उपजीविका दरबारच्या आश्रयावर अवलंबून होती आणि आश्रय हा विद्येच्या दुर्मीळपणावर अवलंबून होता, हे ध्यानात घेतले तर या राखणीला निव्वळ कोतेपणा म्हणता येत नाही. तरीही तिचा परिणाम असा झाला की ज्याला नातेगोते नाही त्याला विद्याही नाही. या पार्श्वभूमीवर १९१८ च्या सुमारास बघेलखंडातील मैहर या लहानशा संस्थानात घडलेला प्रयोग फार वेगळा ठरतो. साथीच्या रोगात आईबाप गमावलेल्या, कोणत्याही घराण्याशी संबंध नसलेल्या मुलामुलींना एकत्र करून उस्ताद अल्लाउद्दीन खाँ यांनी त्यांच्या हाती वाद्ये दिली, आणि त्यातून ‘मैहर बँड’ या नावाने ओळखला जाणारा वाद्यवृंद उभा राहिला. पुढे मैहर घराण्याची कीर्ती जगभर गेली, रविशंकर आणि अली अकबर खाँ ही नावे घरोघरी पोचली. पण त्या घराण्याच्या आरंभी उभी असलेली ही पोरकी मुले मात्र इतिहासाच्या समासातच राहिली.

मैहर हे आजच्या मध्य प्रदेशात, कटनी आणि सतना यांच्या दरम्यान, मुंबईहून जबलपूर-अलाहाबादमार्गे हावड्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर वसलेले गाव. गावाजवळच्या त्रिकूट टेकडीवर शारदामातेचे मंदिर असून हजाराहून अधिक पायऱ्या चढून भाविक तेथे जातात. बघेलखंडातील हे संस्थान आकाराने लहान आणि उत्पन्नाने बेताचेच होते. ग्वाल्हेर, बडोदे किंवा रामपूर यांच्यासारखा गायक-वादकांचा ताफा पदरी बाळगण्याची त्याची ऐपत नव्हती. संस्थानिक ब्रिजनाथसिंह यांना मात्र संगीताची मनापासून आवड होती आणि त्यांना आपल्यासाठी एक गुरू हवा होता. अल्लाउद्दीन खाँ १९१८ च्या सुमारास मैहरला आले ते या राजाचे गुरू म्हणून. मोठ्या दरबारात नव्या कलावंताला जुन्या मानकऱ्यांच्या रांगेत उभे राहावे लागते आणि तेथल्या रीतिभातींना बांधून घ्यावे लागते. मैहरमध्ये अशी रांगच नव्हती. पुढे जे घडले त्याला गावाचे हे लहानपणही कारणीभूत झाले असे मानण्यास जागा आहे.

त्याच वर्षी इन्फ्लुएंझाची जागतिक साथ हिंदुस्थानात पोचली. १९१८ च्या जूनमध्ये मुंबई बंदरात तिची पहिली लाट दिसली, आणि सप्टेंबरपासून उसळलेली दुसरी, अधिक घातक लाट रेल्वेच्या मार्गांनी देशाच्या अंतर्भागात पसरली. या साथीत हिंदुस्थानात मेलेल्यांचा आकडा सव्वा कोटीपासून दोन कोटींपर्यंत निरनिराळा धरला जातो; १९११ ते १९२१ या दशकात देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजी किंचित घटली ती प्रामुख्याने या साथीमुळे. साथीचे एक वैशिष्ट्य असे की ती लहान मुले आणि म्हातारी माणसे यांच्याबरोबरच वीस ते चाळीस या ऐन उमेदीच्या वयातील माणसांना मोठ्या प्रमाणावर नेत असे, म्हणजे नेमके ज्यांच्या जिवावर घर चालते त्यांनाच. त्याच वर्षी पाऊस पडला नव्हता, धान्य महागले होते, आणि त्याआधीची दोन दशके प्लेगने देश पोखरलेला होता. मैहरच्या अनाथ मुलांविषयीच्या कथनांत कुठे प्लेगचे तर कुठे इन्फ्लुएंझाचे नाव येते, त्यामागे रोगांचे हे एकावर एक पडलेले थर आहेत. एरवी आईबाप गेलेल्या मुलाला काका, मामा किंवा जातीतील एखादे घर सांभाळून घेई. पण काका आणि मामाही त्याच आठवड्यात गेले असतील तर त्या मुलाला सांभाळणारे कोणी उरत नसे, आणि रोगाच्या भीतीने शेजारीही त्याला उंबऱ्याबाहेर ठेवत.

अशा मुलांना खाँसाहेबांनी गोळा केले आणि राजाने त्यांच्या पोटापाण्याची व्यवस्था केली. हे केवळ दयेपोटी झाले असे म्हणणे अपुरे होईल. संस्थानाला स्वतःचा बँड असणे ही त्या काळी प्रतिष्ठेची गोष्ट होती, आणि खाँसाहेबांच्या मनात देशी वाद्यांचा मेळ उभारण्याची कल्पना मैहरला येण्यापूर्वीपासून घर करून होती. प्रश्न वादकांचा होता. प्रतिष्ठित घरांतून वाद्यवादन हा हलका धंदा समजला जाई. मुलगा बाजेवाल्यांत जातो म्हणजे घराण्याचे नाव बुडवतो, आणि मुलीने वाद्य हाती धरणे तर कल्पनेच्याही पलीकडचे. ज्यांच्या घरी नकार देणारा वडीलधारा माणूस होता त्या घरांतून मुले आली नसती. या मुलांच्या घरी नकार द्यायला कोणी उरलेच नव्हते. समाजाने ज्यांना टाकले तीच मुले एका टाकलेल्या धंद्याच्या वाट्याला आली, आणि या योगायोगातून हिंदुस्थानी संगीतातील एका नव्या रचनेचा जन्म झाला. मुलांच्या बाजूने पाहिले तर त्यांना निवड करण्याची मुभा नव्हती, ही गोष्ट या प्रयोगाचे कौतुक करताना नजरेआड होऊ देऊ नये. परंतु त्या वर्षी त्यांच्यापुढे असलेला दुसरा पर्याय उपासमारीचा होता, हेही तितकेच खरे.

त्यांचा गुरू कोण होता हे समजून घेतल्याशिवाय हा प्रयोग उलगडत नाही, कारण त्याचे स्वतःचे बालपण या मुलांच्या बालपणापेक्षा फार वेगळे नव्हते. अल्लाउद्दीन खाँ यांचा जन्म आजच्या बांगलादेशातील ब्राह्मणबाडिया भागातील शिबपूर गावचा. जन्मवर्ष परंपरेने १८६२ धरले जाते, काही अभ्यासक ते १८८१ मानतात. घरी आईवडील होते आणि वडील सतार वाजवत. पण शाळेत मन न रमलेला हा मुलगा आठ-दहा वर्षांचा असताना घर सोडून पळाला. प्रथम तो बंगालमधील एका ‘जात्रा’ मंडळीबरोबर हिंडला. ‘जात्रा’ म्हणजे आपल्याकडील देवाची जत्रा नव्हे, तर गावोगाव उघड्यावर संगीतप्रधान नाटके करणारी फिरती मंडळी. तेथून तो कलकत्त्यास पोचला तेव्हा त्याच्याजवळ पैसा नव्हता, ओळख नव्हती आणि राहायला छप्पर नव्हते. गंगेचे पाणी पिऊन आणि अन्नछत्रात मिळेल ते खाऊन त्याने दिवस काढले. पुढे नुलो गोपाळ या नावाने प्रसिद्ध असलेल्या धार्मिक वृत्तीच्या हिंदू गवयाने त्याला शिकवण्याचे मान्य केले ते एका अटीवर: बारा वर्षे केवळ सरगम आणि पलटे करायचे, राग मागायचा नाही. सरगम म्हणजे स्वरांची नावे घेऊन गाण्याचा अभ्यास आणि पलटे म्हणजे स्वरांच्या ठरावीक उलटसुलट जोडण्या. ब्राह्मण गुरूपाशी शिकता यावे म्हणून या मुसलमान मुलाने एक हिंदू नाव सांगितले होते. सात वर्षे हा अभ्यास चालला, तेवढ्यात गुरू प्लेगने गेले, आणि गुरूच्या पश्चात पुन्हा गाणार नाही असे ठरवून तो वाद्यांकडे वळला.

यानंतरच्या कलकत्त्यातील वर्षांत त्याने जे गोळा केले त्यातच मैहर बँडचे बी होते. स्वामी विवेकानंदांचे नातलग अमृतलाल दत्त, ज्यांना लोक हाबू दत्त म्हणत, यांच्यापाशी तो वाद्यमेळाचे संगीत शिकला. हजारी उस्तादांकडे सनई आणि नगारा शिकला. बंगाली रंगभूमीवर पोटापुरते वादन केले. आणि लोबो नावाच्या एका गोमंतकीय बँडमास्तराकडे व्हायोलिन व पाश्चात्त्य वादनपद्धती शिकला. हे लोबो ईडन गार्डनमधील वाद्यवृंदाचे प्रमुख होते. मराठी वाचकाने येथे थोडे थांबावे असा हा दुवा आहे. पोर्तुगीज गोव्यात चर्चला जोडलेल्या पॅरिश शाळांतून मुलांना स्वरलेखन वाचणे, व्हायोलिन धरणे आणि अनेकांनी मिळून एका ठेक्यात वाजवणे शिकवले जाई. या शाळांतून तयार झालेले वादक उपजीविकेसाठी मुंबई, कलकत्ता, रंगून येथील बँडांत, हॉटेलांत आणि संस्थानी दरबारांत गेले, आणि विसाव्या शतकात मुंबईच्या चित्रपटसंगीताचा वाद्यमेळ बहुतांशी त्यांच्याच हातांनी उभा राहिला. हिंदुस्थानी परंपरेत एकट्याने वाजवण्याची कला पराकोटीला गेली होती. पण वीस माणसांनी एका इशाऱ्यावर आरंभ करावा आणि एका इशाऱ्यावर थांबावे ही शिस्त तिच्यात नव्हती. ती शिस्त अल्लाउद्दीन यांना एका गोवेकराकडून मिळाली, आणि तिचे फळ पुढे विंध्याच्या पायथ्याशी दिसले.

मुक्तागाछा येथील जमीनदारांच्या दरबारात अहमद अली खाँ यांचा सरोद ऐकल्यावर अल्लाउद्दीन त्या वाद्याच्या नादी लागले आणि अखेर रामपूरला पोचले. रामपूरचे वझीर खाँ हे तानसेनाच्या वंशातील बीनकार, म्हणजे रुद्रवीणा वाजवणारे, आणि नवाब हमीद अली खाँ यांचे गुरू. त्यांच्या दारी या परक्या बंगाली तरुणाला प्रवेश मिळेना, तेव्हा त्याने नवाबाच्या गाडीपुढे स्वतःला झोकून देऊन आपले गाऱ्हाणे मांडले, अशी कथा परंपरेने चालत आली आहे. नवाबाच्या शब्दावरून गंडाबंधन झाले. गंडा म्हणजे गुरूने शिष्याच्या मनगटाला बांधायचा दोरा, ज्यायोगे तो अधिकृत शिष्य ठरतो. पण गंडा बांधूनही अडीच-तीन वर्षे गुरूने त्याला जवळजवळ काहीच शिकवले नाही. तो दारी सेवा करी आणि रामपूरच्या दरबारी बँडमध्ये व्हायोलिन वाजवी. गावाकडे सोडून आलेल्या पत्नीची दैना कानी आल्यावर वझीर खाँ यांचे मन पालटले आणि मग त्यांनी शिकवायला सुरुवात केली, असे चरित्रकार सांगतात. तरीही घरची बीन या शिष्याच्या हाती आली नाही. त्या वाद्याचे अंग त्याने सरोद, रबाब आणि सूरशृंगार यांवर उतरवले. ज्याने विद्येसाठी इतकी वर्षे उंबऱ्यावर काढली त्या माणसाने पुढे मैहरमध्ये शिष्यांकडून फी घेतली नाही, त्यांना घरी ठेवून जेवू घातले आणि ज्यांना कोणीच दारात उभे करणार नाही अशा मुलांपासून शिकवण्यास आरंभ केला. या दोन गोष्टींचा परस्परसंबंध उघड आहे, आणि त्यांच्या चरित्रातील सर्वांत मोठी गोष्ट हीच म्हटली पाहिजे.

वाद्यवृंदाची रचना पाहता खाँसाहेबांच्या कल्पकतेचे नवल वाटते. सतार, सरोद, इसराज, बासरी, तबला ही देशी वाद्ये. व्हायोलिन, चेलो, क्लॅरिनेट, पियानो ही परदेशी वाद्ये. आणि हार्मोनियमसारखी, जन्माने परदेशी पण एव्हाना येथे रुळलेली वाद्ये त्यांनी एकत्र आणली. जी वाद्ये हवी तशी मिळेनात ती त्यांनी स्वतः घडवली. सतार आणि बँजो यांच्या मिलाफातून त्यांनी एक नवे तंतुवाद्य केले. ‘नलतरंग’ हे तर मैहरचेच अपत्य. जलतरंगात पाण्याने कमीअधिक भरलेल्या वाट्या काडीने वाजवतात. नलतरंगात त्याऐवजी संस्थानच्या जुन्या बंदुकांच्या नळ्या वेगवेगळ्या लांबीच्या कापून, स्वरांत मिळवून, चौकटीवर ओळीने मांडल्या आणि त्या दांडूंनी वाजवल्या. नळी जितकी आखूड तितका स्वर उंच, हे त्यामागचे साधे तत्त्व. संस्थानच्या शस्त्रागारातील निकामी लोखंड अनाथ मुलांच्या हाती वाद्य होऊन आले. वाद्ये घडवण्याच्या कामी त्यांचे धाकटे बंधू आयत अली खाँ यांचाही हात मोठा होता. आज मैहर शैलीचा म्हणून ओळखला जाणारा मोठ्या गोल भोपळ्याचा सरोद या दोघा भावांच्या प्रयोगांतून आलेला आहे.

शिकवण्याची पद्धत तोंडी होती. मुलांना अक्षरओळख नव्हती, तेव्हा स्वरलिपी वाचण्याचा प्रश्नच नव्हता. खाँसाहेब सरगम म्हणत, मुले ती म्हणत, आणि मग तीच वाद्यावर बसवत. एकाच गतीचे वेगवेगळे पदर वेगवेगळ्या वाद्यांना वाटून दिले जात. गत म्हणजे वाद्यावर वाजवायची तालबद्ध रचना. रागदारीतील गतींबरोबरच लोकधुना आणि पाश्चात्त्य वळणाच्या चालीही त्यांनी बँडसाठी रचल्या. पाश्चात्त्य वाद्यवृंदाचा प्राण असलेली स्वरसंगती, म्हणजे एकाच वेळी निरनिराळे स्वर वाजवून त्यांचा मेळ साधण्याची रीत, त्यांनी पुरतेपणी स्वीकारली नाही. रागाची चाल बिघडू नये म्हणून मूळ ओळ एकच ठेवून वाद्यांचा रंग पालटत नेणे त्यांनी पसंत केले. हा निर्णय विचारपूर्वक घेतलेला होता, कारण पाश्चात्त्य संगीत त्यांना ठाऊक नव्हते असे मुळीच नाही. काही वर्षांत ही मुले इतकी तयार झाली की १९२० च्या दशकात पंडित भातखंडे यांच्या पुढाकाराने लखनौला भरलेल्या अखिल भारतीय संगीत परिषदेत मैहर बँड वाजला आणि देशभरच्या जाणकारांनी तो ऐकला.

गुरूच्या स्वभावाविषयी मात्र मुलांच्या नजरेनेही पाहिले पाहिजे. घरात आणि गावात खाँसाहेबांना सारे ‘बाबा’ म्हणत, आणि बाबांची वागणूक समकालीनांना चक्रावून टाकणारी होती. पाच वेळा नमाज पढणारा हा माणूस शारदामातेचा निस्सीम भक्त होता. घर त्यांनी पत्नीच्या नावाने बांधले. मदिना बेगम यांच्या नावाची आठवण ठेवणाऱ्या ‘मदनमंजरी’ या रागाची रचनाही केली. तंतुवाद्य ते डाव्या हाताने छेडत आणि तबला-पखवाज उजव्या हाताने वाजवत. पाहुण्यापुढे, मग तो वयाने कितीही लहान असो, ते हात जोडून वाकत. आणि तोच माणूस तालीम सुरू झाली की एका चुकलेल्या स्वरासाठी हाताशी येईल ती वस्तू फेकून मारी. तबल्याची हातोडी त्यांनी खुद्द राजावर फेकल्याची कथा मैहरमध्ये सांगितली जाते. मुलगा अली अकबर याला झाडाला बांधून मारल्याचे आणि त्याच्याकडून दिवसाचे बारा-चौदा तास, कधी त्याहूनही अधिक, रियाज करून घेतल्याचे उल्लेख आहेत. शिष्य रविशंकर यांना एकदा वादन चुकल्यावरून त्यांनी ‘बांगड्या भर’ अशा अर्थाचे बोल लावले, तेव्हा ते सामान बांधून निघाले होते; अली अकबर यांनी त्यांना थोपवले. मारल्यानंतर पश्चात्तापाने रडणारे आणि मुलाला जवळ घेणारे बाबाही याच आठवणींतून दिसतात. त्या काळी गुरूचा मार हा शिक्षणाचाच भाग मानला जाई हे खरे असले, तरी ज्या मुलांना पळून जायला घर नव्हते त्यांना तो मार अधिक असहाय्यपणे सोसावा लागला असणार, आणि गुरूच्या थोरवीने ही बाजू झाकून टाकण्याचे कारण नाही.

या वृंदात आरंभी मुलीही होत्या, ही बाब विशेष नोंदवण्याजोगी आहे, कारण खुद्द बाबांच्या घरी मुलींच्या शिक्षणाची कथा निराळी आहे. थोरली मुलगी जहांआरा हिला त्यांनी संगीत शिकवले. तिच्या सासरी ते खपले नाही आणि तिचा तानपुरा जाळण्यात आला. त्या धक्क्याने त्यांनी धाकटीला शिकवायचे नाही असे ठरवले. १९२७ मध्ये मैहरमध्येच जन्मलेल्या या धाकटीचे नाव रोशनआरा. राजाने ठेवलेल्या अन्नपूर्णा या नावाने ती पुढे ओळखली गेली. अली अकबर चुकीचे वाजवत असताना ती खेळता खेळता त्याला बरोबर स्वर सांगत असल्याचे कानी आल्यावर बाबांनी आपला निश्चय मोडला, तिला शिकवायला घेतले आणि पुढे सूरबहार दिला. अनाथ मुलीला वाद्य देताना कोणत्याही सासरचा विचार करावा लागला नव्हता. पोटच्या मुलीच्या बाबतीत तो करावा लागला. हा फरक त्या समाजाविषयी पुष्कळ काही सांगून जातो. अन्नपूर्णादेवींनी पुढे मैफली सोडल्या आणि मुंबईत राहून हरिप्रसाद चौरसिया, नित्यानंद हळदीपूर यांच्यासारखे शिष्य घडवले. १३ ऑक्टोबर २०१८ रोजी मुंबईतच त्यांचे निधन झाले.

घराण्याबाहेर विद्या देण्याचे मैहर हे एकमेव उदाहरण नव्हे, आणि महाराष्ट्राशी जवळीक असलेली दोन-तीन उदाहरणे शेजारी ठेवल्याशिवाय त्याचे मोल नीट ठरत नाही. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने मौलाबक्ष यांनी १८८६ मध्ये गायनशाळा काढली आणि स्वरलेखनाच्या आधारे शिकवण्यास आरंभ केला. विष्णू दिगंबर पलुस्करांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापन केले; त्यातील ‘उपदेशक’ वर्गात नऊ वर्षांचा करार लिहून घेऊन मुलांना राहणे, जेवणे आणि शिक्षण विनामूल्य दिले जाई, व त्याबदली त्यांनी पुढे संगीतप्रसाराचे काम करावे अशी अपेक्षा असे. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ यांनी १९१३ मध्ये पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढून गरीब विद्यार्थ्यांना घरातच ठेवून घेतले. पलुस्करांचा भर संगीताला आणि संगीतकाराला सभ्य समाजात मान मिळवून देण्यावर होता, म्हणून त्यांच्या शाळेत प्रार्थना, शिस्त आणि भजन यांना मोठे स्थान होते. बाबांना समाजाच्या मान्यतेची फारशी फिकीर दिसत नाही. त्यांना वाद्यमेळ हवा होता आणि तो उत्तम वाजायला हवा होता. तरीही पलुस्करांचे शिष्य आणि बाबा यांची वाट एका ठिकाणी एकत्र आली. पलुस्करांकडे शिकलेले विष्णुदास शिराळी हे उदयशंकरांच्या नृत्यमंडळींचे संगीत सांभाळत होते, आणि १९३५-३६ मध्ये बाबा त्याच मंडळींबरोबर युरोपच्या दौऱ्यावर गेले. त्याच दौऱ्यात उदयशंकरांचे धाकटे बंधू रविशंकर बाबांच्या सहवासात आले आणि १९३८ मध्ये सर्व थाटमाट सोडून शिकण्यासाठी मैहरला येऊन राहिले.

येथून मैहरचा इतिहास दोन पातळ्यांवर चालू लागतो. एका पातळीवर रविशंकर, अली अकबर खाँ, अन्नपूर्णादेवी, तिमिर बरन, पन्नालाल घोष, शरण राणी, निखिल बॅनर्जी अशी एकल वादनाची परंपरा फुलत गेली; मराठी व्हायोलिनवादक वि. गो. जोग यांनाही बाबांची तालीम मिळाली. या शिष्यांना रागाचे अंतरंग, आलापाचा विस्तार आणि रुद्रवीणेच्या अंगाचे गांभीर्य लाभले. दुसऱ्या पातळीवर बँडची मुले मोठी झाली, दरबारची पगारी वादक झाली, संसाराला लागली आणि आपल्यानंतरच्यांना त्याच गती शिकवू लागली. त्यांना जे मिळाले ते पक्के होते, पण ते वृंदापुरते होते. एकल मैफलीचा मार्ग त्यांच्यासाठी उघडला गेला नाही. घराण्याच्या भिंती मोडणाऱ्या या गुरूच्या घरातही आतली ओसरी आणि बाहेरचे अंगण असे दोन भाग राहिलेच, आणि अनाथ मुले अंगणात राहिली. त्यामागे केवळ जन्माचा भेद होता असे म्हणणे अन्यायाचे होईल. वृंदवादनाला ज्या एकजिनसी, स्वतःला मागे ठेवणाऱ्या वादकाची गरज असते त्याची घडण एकल वादकाच्या घडणीहून निराळीच असते. पण परिणाम एवढाच झाला की ज्यांनी मैहरचे नाव सर्वप्रथम मैहरबाहेर नेले त्यांची नावे संगीताच्या ग्रंथांत क्वचितच सापडतात.

स्वातंत्र्यानंतर मैहर संस्थान विंध्य प्रदेशात आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी त्या राज्याबरोबर मध्य प्रदेशात विलीन झाले. राजाश्रय संपला की दरबारी बँड विखुरतात, हा अनुभव देशभरचा आहे. मैहरचा वाद्यवृंद मात्र टिकला. १९५५ मध्ये बाबांनी मैहरला संगीत महाविद्यालय सुरू केले आणि वृंदाचा संसार पुढे शासकीय संगीतशिक्षणाच्या आधाराने चालू राहिला. बाबांना १९५८ मध्ये पद्मभूषण आणि १९७१ मध्ये पद्मविभूषण हे सन्मान मिळाले. ६ सप्टेंबर १९७२ रोजी मैहरमध्येच त्यांचे निधन झाले. वृंदाच्या कल्पनेचा प्रवास मात्र मैहरपुरता राहिला नाही. तिमिर बरन यांनी मैहरहून परतल्यावर कलकत्त्यात वाद्यमेळ उभारला आणि तो अनुभव उदयशंकरांच्या मंडळींत व चित्रपटांत नेला. रविशंकर यांनी १९४९ ते १९५६ या काळात दिल्लीच्या आकाशवाणीवर काम करताना राष्ट्रीय वाद्यवृंद बांधला, आणि देशी वाद्यांच्या मेळाचे जे रूप नंतरच्या पिढ्यांनी रेडिओवर ऐकले त्याच्या मुळाशी मैहरची तालीम होती.

भारतीय वाद्यवृंदाचा इतिहास लिहिताना आरंभबिंदू म्हणून आकाशवाणीचे किंवा चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणगृहाचे नाव घेण्याची सवय आता सोडली पाहिजे. त्याआधीच, रोगाने उजाड झालेल्या एका लहान गावात, बंदुकीच्या नळ्यांवर दांडू चालवणाऱ्या पोरक्या मुलामुलींनी हे काम सुरू केले होते, आणि मैहर घराण्याच्या शिष्यपरंपरेची पहिली ओळ त्यांच्या नावानेच लिहिली जायला हवी.